चालती गाडी मध्येच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी वही काढा

रोज बंद पडणारी गाडी परवडली. ती गॅरेजमध्ये नेली की तिथेही बंद पडते, मेकॅनिक बोनेट उघडतो आणि दोष सापडतो. खरा वैताग असतो तो आठवड्यातून एखाद्या वेळी बंद पडणाऱ्या गाडीचा. तुम्ही ती गॅरेजमध्ये नेता, मेकॅनिक दहा किलोमीटर फिरवून आणतो, ‘काही नाही हो, मस्त चालतेय’ म्हणतो, आणि परत येताना पहिल्याच सिग्नलला ती मान टाकते.

मग अंदाजपंचे कारभार सुरू होतो. प्लग बदला, फिल्टर बदला, पंप बदला. मी एका गाडीवर हे सगळं आठ महिने करून घेतलं आणि शेवटी दोष निघाला एका अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरमध्ये. तिची गोष्ट पुढे येईलच. त्या आठ महिन्यांत एवढं मात्र कळलं की अशा दोषात कुठला पार्ट गेलाय ते सर्वांत शेवटी कळतं. त्याआधी कळायला हवं ते गाडी कधी, कशी आणि कशानंतर बंद पडते. आणि हे मेकॅनिकला कुठून कळणार? गाडी बंद पडते तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही असता.

हा लेख नव्याने गाडी चालवायला लागलेल्यांसाठी आहे. मुख्यतः इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांबद्दल बोलतो. डिझेल आणि कार्ब्युरेटरबद्दल शेवटी थोडं.

गाडी चालताना बंद पडली, त्या क्षणी

इंजिन गेलं म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग गेलं, असं नवख्या माणसाला वाटतं आणि तिथेच घात होतो. दोन्ही चालू असतात, फक्त जड होतात. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्युमवर चालतो. इंजिन बंद पडल्यावर त्यात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतं व्हॅक्युम शिल्लक असतं. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका. एकदाच, सावकाश दाबा आणि दाबलेला ठेवा. शिल्लक संपली तरी ब्रेक लागतो, पण पायात चांगलाच जोर लावावा लागतो.

क्रम असा ठेवा:

१. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, चारही इंडिकेटर लावा, आरशात मागचं पाहा.

२. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला घ्या. ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’वर टाका. चालत्या गाडीत ‘पी’ला हात लावायचा नाही.

३. उरलेल्या वेगावर गाडी रस्त्याच्या कडेला आणा. हा वेग पुन्हा मिळणार नाही, तो जपून वापरा. कडेला पोहोचण्याआधी घाबरून ब्रेक दाबलात तर मधल्या लेनमध्ये अडकाल.

४. किल्ली काढू नका, लॉकच्या खाच्यापर्यंत फिरवूही नका. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

५. समोरचा रस्ता मोकळा असेल तर न्यूट्रलमध्येच पुन्हा सेल्फ मारून पाहा. बऱ्याचदा गाडी लगेच सुरू होते. बटणवाल्या गाड्यांमध्ये चालत्या गाडीत इंजिन पुन्हा सुरू करायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. ती मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा. तेव्हा पानं उलटायला वेळ नसतो.

६. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा, रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने सगळ्यांना उतरवा आणि कठड्यापलीकडे उभे राहा. इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नका. गाडी रेल्वे फाटकात, रुळांवर अडकली असेल तर आधी माणसं बाहेर काढून लांब न्या, मग काय ते फोन करा.

याची तालीम घरीच होते. उभ्या गाडीत इंजिन बंद करा आणि ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. पहिल्या दोन-तीन वेळा पाय नेहमीसारखा आत जाईल, मग पेडल दगडासारखं होईल. तसाच पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टर किंवा त्याच्या नळीत गडबड आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा दोष आहे का?

हसू नका, पण ‘सिग्नलला गाडी बंद पडते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या काहींच्या गाडीत फक्त ऑटो स्टार्ट-स्टॉप चालू असतं. इंधन वाचवायला गाडी स्वतःच इंजिन बंद करते आणि क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की पुन्हा सुरू होते. तसंच, फक्त पहिल्या गिअरमध्ये उचलताना बंद पडत असेल आणि दुसऱ्या कुणाच्या हातात कधीच पडत नसेल, तर क्लचवरचा तुमचा पाय अजून बसलेला नाही एवढंच.

तिसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरी बदलली किंवा काढून लावली की काही गाड्यांचा कॉम्प्युटर आयडलिंगची (अॅक्सिलरेटर न देता इंजिन हळू फिरत राहण्याची) शिकलेली सेटिंग विसरतो. थोडे दिवस, किंवा री-लर्न करेपर्यंत, म्हणजे ती त्याला पुन्हा शिकवेपर्यंत, गाडी थांबताना आचके देते किंवा बंद पडते. बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला असेल तर आधी इथे पाहा.

वही

मोबाईलमध्ये लिहा, कागदावर लिहा, पण त्याच दिवशी लिहा. दोन दिवसांनी ‘बहुतेक एसी चालू होता’ असं आठवतं, आणि त्या ‘बहुतेक’चा मेकॅनिकला काही उपयोग नसतो. प्रत्येक वेळी एवढं टिपा: गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, टाकीत इंधन किती होतं, वेग आणि गिअर कोणता, एसी चालू होता का, रस्ता कसा (खड्डा, वळण, चढ), बंद पडताना आवाज आणि धक्के कसे होते, डॅशबोर्डवर काय दिसलं, लगेच सुरू झाली की थांबावं लागलं, आणि थांबावं लागलं तर किती मिनिटं. शिवाय त्याआधी काय घडलं होतं, म्हणजे पेट्रोल भरलं, गाडी धुतली, पाऊस लागला, सर्व्हिसिंग झालं.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देतो:

‘मंगळवार संध्याकाळ. २५ मिनिटं चालवून. पाऊण टाकी. गतिरोधक उतरून दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दिला आणि एकदम बंद. धक्का नाही. डॅशबोर्ड चालू. लगेच सुरू.’

‘शनिवार. सुरू करून ५ मिनिटं. पुन्हा गतिरोधक. सकाळी सेल्फ जड फिरला होता.’

अशा सहा नोंदींपैकी चारांत गतिरोधक होता. तोपर्यंत पेट्रोलचा पंप बदलून झाला होता.

शेवटचा सेकंद

गाडी बंद पडतानाचा एक सेकंद नीट पाहिलात तर निम्मं निदान तिथेच होतं. तीन चित्रं असतात.

पहिलं: इंजिनबरोबर डॅशबोर्डही काळा पडतो, रेडिओ गप्प, घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे गाडीचा मुख्य वीजपुरवठाच तुटला. बॅटरीचं ढिलं टर्मिनल, मुख्य वायर, मोठा फ्यूज. घड्याळ शाबूत पण बाकी सगळं गेलं असेल तर इग्निशन स्विचवर संशय घ्या.

दुसरं: इंजिन किल्ली फिरवल्यासारखं एका झटक्यात जातं, पण डॅशबोर्ड जिवंत असतो, बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागतो. (हे दोन दिवे इंजिन थांबलं की लागतातच, त्यावरून बॅटरी बदलू नका.) इथे बहुधा स्पार्क किंवा इंजेक्शन एकदम तुटलेलं असतं: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), रिले (विजेने चालणारा स्विच), वायरिंग, अर्थ.

तिसरं: गाडी आधी झटके देते, पिकअप जातो, अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, मग हळूहळू गुदमरून बंद पडते. हे बहुधा इंधन कमी पडल्याचं लक्षण: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, टाकीत हवा न जाणं.

आता आरपीएमचा काटा. गाडी गिअरमध्ये आहे, क्लचवर पाय नाही आणि इंजिन गेलं, तर चाकं इंजिनला फिरवतच असतात. अशा वेळी काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. डॅशबोर्ड जिवंत असताना तो धाडकन शून्यावर पडला, तर इंजिन फिरत असूनही कॉम्प्युटरला ते कळत नाही. बहुतेक गाड्यांत ही माहिती क्रँक सेन्सरकडून येते. मात्र त्या क्षणी तुम्ही क्लच दाबलात तर काटा कसाही खाली येतो आणि पुरावा जातो. काटा पाहण्यासाठी जीव धोक्यात घालू नका. शेजारी बसलेल्या माणसाला सांगून ठेवा, किंवा मोबाईल डॅशबोर्डकडे तोंड करून लावा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

कधी बंद पडते, त्यावरून कुठे पाहायचं

गरम झाल्यावर बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं थांबल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. हा सगळ्यात चकवणारा प्रकार, आणि यात पहिला संशय क्रँक सेन्सरवर. हा सेन्सर इंजिनच्या अंगाला चिकटलेला असतो. जुना झाला की त्याची आतली जोडणी तापल्यावर सुटते आणि गार झाल्यावर जुळते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तो गार झालेला असतो, म्हणून कुणालाच काही सापडत नाही. याची एक फुकट तपासणी आहे: गाडी बंद पडलेली असताना सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहा. इंजिन सेल्फवर फिरताना काटा शून्याच्या थोडा वर, साधारण २०० च्या आसपास हलतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि काटा मेल्यासारखा पडलाय, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर बोट ठेवायला हरकत नाही. काही गाड्यांत काटा इतक्या कमी आरपीएमला हलतच नाही, म्हणून गाडी चांगली असताना एकदा पाहून ठेवा. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइलही तापल्यावर असाच दगा देते. पण प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत एक गेली तर गाडी मिसिंग मारते, सहसा पूर्ण बंद पडत नाही.

सिग्नलला, न्यूट्रलमध्ये किंवा एसी लावल्यावर बंद पडते, पण वेगात ठीक चालते. आयडलिंगला इंजिनला लागते इवलीशी हवा, आणि ती देणाऱ्या फटीत काजळी साचली की इंजिन तगत नाही. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनची हवा कमी-जास्त करणारा हा भाग, साफ करणं हा इथला पहिला आणि स्वस्त उपाय. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर त्याची पाकळी बोटाने जबरदस्तीने उघडू नका, आतले गिअर मोडतात. साफ केल्यावर मॅन्युअलप्रमाणे री-लर्न करा. जुन्या गाड्यांत आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा असतो, तोही असाच तुंबतो.

दुसरं कारण व्हॅक्युम लीक. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि इंजिन यांच्या मध्ये, रबराची मोठी नळी असते. तिच्या घड्यांमध्ये चीर पडते. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते. गिअर टाकल्यावर इंजिन एका बाजूला कलतं, चीर उघडते, मोजलेली नाही अशी हवा आत शिरते. नळी बाहेरून पाहून भागत नाही. हाताने वाकवा, प्रत्येक घडी उघडून पाहा. लीक शोधायला काही जण चालू इंजिनवर क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या नळ्यांवर तो पडला तर पेट घेतो. नवख्यांनी या वाटेला जाऊ नये, गॅरेजमध्ये धूर सोडून लीक दाखवणारं मशीन असतं.

ब्रेक दाबल्यावरच बंद पडते. वर सांगितलेली पेडलची चाचणी आठवा. बूस्टरचा पडदा फाटला की ब्रेक दाबताना इंजिनमध्ये फुकटची हवा जाते. ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता, क्लच न दाबता थांबवल्यासारखी आचका देऊन बंद पडत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) लॉक-अप सुटत नसण्याची शक्यता आहे. ते काम गिअरबॉक्सवाल्याचं.

टाकी पाव राहिल्यावर, चढावर किंवा वळणावर बंद पडते. पंप टाकीच्या आत असतो आणि इंधनातच बुडून गार राहतो. नेहमी रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर थकतात, असं माझं निरीक्षण आहे. गाडी बंद पडल्यावर सेल्फ न मारता किल्ली फक्त ‘ऑन’ करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. रिले तपासायची जुनी युक्ती म्हणजे हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहायची. जुने मेकॅनिक टाकीला खालून रबरी हातोडीने दोन ठोके मारतात. त्यावर गाडी सुरू झाली तर पंप जायला टेकलाय. इंधनाचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी ठणठणीत चालली, तर टाकीत हवा जायची वाट तुंबलेली आहे.

पेट्रोल भरल्यावर पाच-दहा मिनिटांत बंद पडते. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा) उघडा अडकला असेल. नोझल ‘टक्’ करून थांबल्यावरही ‘अजून थोडं टाका’ म्हणायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. जास्तीचं पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

पाऊस लागल्यावर किंवा इंजिन धुतल्यावर: प्लगच्या वायरी, कॉइल, ओले कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे सांधे). अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनकडे लांबून पाहिलं तर फुटलेल्या वायरीतून निळी ठिणगी उडताना दिसते.

सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद: बहुधा इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) किल्ली ओळखू येत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहा.

खड्ड्यात, गतिरोधकावर: काहीतरी ढिलं आहे. नंतर बसवलेला अलार्म, जीपीएस ट्रॅकर किंवा गॅस किट असेल तर सुरुवात तिथून करा. या कामांत इग्निशनची किंवा पंपाची मूळ वायर कापून मध्ये रिले घातलेला असतो, आणि सांधा नुसता टेपने गुंडाळलेला. गॅस किटच्या गाडीत आणखी एक सोपी चाचणी असते: आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा. त्रास थांबला तर निम्मी गाडी संशयातून सुटली.

बॅटरी, अर्थ आणि माझी वायर

आधी अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा. मल्टिमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. चालू इंजिनवर १२ कडे घसरत असेल तर गाडी बॅटरीवर तग धरून आहे. आधी दिवे मंद होतील, मग इंजिन जाईल. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो, तिथे आकडा थोडा वर-खाली होतो.

टर्मिनल हाताने फिरवून पाहा. हाताने हललं तर ढिलं. पांढरट-हिरवट क्षार असतील तर काढून घासा.

आणि अर्थ. बऱ्याच गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जाते आणि बॉडीपासून एक जाड विणलेली पट्टी किंवा वायर इंजिनला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, सतत हलतं, त्याबरोबर ही वायरही वाकत राहते. माझ्या गाडीतली बाहेरून एकदम व्यवस्थित होती. शेवटी ज्या मेकॅनिकने दोष काढला त्याने वही वाचली, काही न बोलता मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे साधारण ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. दीड व्होल्ट दिसला. मग त्याने वायरचं काळं आवरण ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा झाला होता, मोजून सात-आठ तारा शाबूत. गतिरोधक उतरून अॅक्सिलरेटर दिला की इंजिन मागे झुकायचं, त्या सात-आठ तारा ताणायच्या आणि कॉम्प्युटरचा अर्थ क्षणभर सुटायचा. सकाळी सेल्फ जड फिरायचा त्याचंही कारण तेच, मी मात्र बॅटरीला शिव्या देत होतो.

स्कॅनर लावल्यावर

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचता येतात. चेक इंजिनचा दिवा लागला नसला तरी वाचा. ‘पेंडिंग’मध्ये कोड बसलेला असू शकतो. कोड पुसण्याआधी फोटो काढा, आणि फ्रीझ फ्रेमचाही काढा. कोड बसला त्या क्षणी वेग, तापमान, आरपीएम काय होतं ते त्यात असतं. ‘आधी कोड उडवतो, मग बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचा हात तिथेच धरा.

नेहमी दिसणारे काही: पी०३३५ क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं, पी०१७१ मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), पी०३०० अनेक सिलिंडरांत मिसिंग, पी०५०५ आयडल कंट्रोल. कोड ही तक्रार असते, निकाल नसतो. पी०३३५ आला म्हणून सेन्सरच गेला असं नाही. त्याचा कपलर ढिला असेल, वायर कुठे घासली असेल. पी०१७१ आल्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलणारे भेटतात, वास्तविक तो बिचारा खरी बातमी देत असतो.

लाइव्ह डेटा दिसत असेल तर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते. आयडलिंगला +१५ टक्के आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य असेल तर व्हॅक्युम लीक, कारण जास्त हवेत ती लहानशी गळती नगण्य ठरते. उलट आयडलिंगला ठीक आणि चढावर, जोरात पळवताना ट्रिम वाढत जात असेल तर इंधन पुरत नाही किंवा हवेचा सेन्सर कमी मोजतोय.

कोड एकही नसला तर निराश होऊ नका. वीज किंवा अर्थ एकदम तुटला की कॉम्प्युटरला कोड लिहायलाही सवड मिळत नाही. कोड नसणं हासुद्धा एक धागाच.

कंपनीकडून परत बोलावलं आहे का

हे पाच मिनिटांचं काम असतं आणि जवळजवळ कुणी करत नाही. २०१४ साली जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. किल्लीला जड जुडगा लटकवला असेल किंवा खड्ड्यात धक्का बसला तर स्विच ‘रन’वरून आपोआप खाली सरकायचा, इंजिन बंद व्हायचं आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी व्हायच्या. २०२० पासून डेन्सो या जपानी कंपनीचे इंधन पंप असलेल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांवरही अशीच वेळ आली: पंपातला प्लॅस्टिकचा पंखा पेट्रोल शोषून फुगायचा, अडकायचा आणि गाडी चालता चालता बंद पडायची. तुमच्या गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहा. आणि किल्लीच्या जुडग्यातून घराच्या, कपाटाच्या चाव्या काढून टाका. तेवढ्यानेही कधीकधी फरक पडतो.

गॅरेजमध्ये बोलताना

‘गाडी बंद पडते, पंप बघा’ असं सांगू नका. तुम्ही पंप म्हणालात की पंपच बदलला जातो. वहीची प्रत द्या, मेकॅनिकला शेजारी बसवा आणि गाडी ज्या परिस्थितीत बंद पडते तीच पुन्हा घडवून आणा: अर्धा तास तापवून, पाव टाकीवर, त्याच गतिरोधकावर. कोणताही पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘हा खराब आहे हे कशावरून?’ इंधनाचा दाब मोजला, वायर हलवून पाहिली, सेन्सरचा सिग्नल पाहिला, असं काही उत्तर आलं तर खुशाल बदला. ‘यांच्यात हेच जातं’ असं आलं तर थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुना पार्ट मागून घ्या.

मोठ्या रस्त्यावर वेगात बंद पडत असेल, पेट्रोलचा वास येत असेल किंवा तापमानाचा काटा चढत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोचन लावून न्या.

डिझेल आणि कार्ब्युरेटर

डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे संशयितांची यादी लहान. आधी फिल्टर, त्यात साचलेलं पाणी आणि नळीत शिरलेली हवा. फिल्टर नुकताच बदलला असेल आणि मग त्रास सुरू झाला असेल तर हवा राहिली आहे. त्यानंतर रेलचा (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीचा) दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह. गाडी खूप वर्षं शहरातच छोट्या अंतरांवर फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबलेला असू शकतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडल जेटमधला (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रातला) कचरा आणि उन्हात नळीतच होणारी पेट्रोलची वाफ, एवढं आधी पाहा.

दुरुस्ती झाल्यावर वही लगेच फेकू नका. दोनदा बंद पडण्यामधला सर्वांत मोठा खंड वहीतून काढा आणि त्याच्या निदान तिप्पट दिवस गाडी एकदाही बंद न पडता गेली तर काम झालं म्हणा. माझ्या वहीत तो खंड बावीस दिवसांचा होता. वायर बदलल्यावर दोन महिन्यांहून जास्त वही गाडीच्या कप्प्यातच होती, आणि गतिरोधक आला की हात आपोआप चार इंडिकेटरच्या बटणाकडे जायचा.